जुन्या स्पोर्ट्स कारला कुठलं इंजिन बसवायचं? आधी टेप काढा, मग पाकीट

मामांची एमजीबी (ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार) १९६७ ची. दोन वर्षांमागं कागलवरनं येताना उजळाईवाडीच्या पुढं इंजिनमधनं ठकठक सुरू झाली, ऑइल प्रेशरचा काटा खाली झोपला आणि गाडी टोचन करून घरी आणायला लागली. त्याच रात्री जेवताना आमचं ठरलं की इंजिन संपलं, आता दुसरं बघायचं. आठ दिवसांत काँटेसाचं इसुझू इंजिन अंगणात येऊन पडलं. कुणी काय मोजलं नव्हतं, कुणाला काय विचारलं नव्हतं. ते इंजिन पुढं चौदा महिने बारदानाखाली पडून होतं आणि त्याच्यावर मांजर व्यालं, यापलीकडं त्याचा आम्हाला काडीचा उपयोग झाला नाही.

त्यानंतर मात्र बरंच शिकलो, काही वाचून, काही कोल्हापूरच्या उद्यमनगरात (वर्कशॉपांची वसाहत) स्टुलावर बसून, आणि आता चार-पाच जणांनी विचारलं की बाबा जुन्या गाडीला कुठलं इंजिन टाकू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. उदाहरणं एमजीबीची जास्त येतील कारण हात तिथंच काळे झालेत, पण तुमची स्पिटफायर असू दे, मिजेट असू दे, नाहीतर छत कापून उघडी केलेली स्टँडर्ड हेराल्ड असू दे, क्रम हाच.

१. जुनं खरंच मेलंय का?

नव्वद टक्के लोक ही पायरी उडी मारून जातात, आम्हीपण गेलो. गाडी टोचन करून आणली की इंजिन संपलं असं वाटतंच, पण आवाज येणं वेगळं आणि ब्लॉक कामातनं जाणं वेगळं.

इंजिन निदान फिरत असेल तर पहिलं कॉम्प्रेशन बघा. (ठकठक जोरात असेल तर फिरवूसुद्धा नका, सरळ चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, उतरवा.) इंजिन गरम पाहिजे, चारी प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला आणि बॅटरी भरलेली. आकडा किती येतो यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत असतील तर वरचं काम ठीक आहे. एखादाच कमी आला तर त्या प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुतेक त्या दोघांमधलं हेड गॅस्केट उडालंय, म्हणजे तुम्ही ज्याला इंजिन गेलं म्हणताय ते एका गॅस्केटचं आणि हेड फेसिंगचं काम आहे.

मग ऑइल प्रेशर. एमजीबीचं गरम इंजिन पळताना ५० ते ८० पीएसआय दाखवतं, आयडलला १० ते २५. डॅशबोर्डवरच्या साठ वर्षांच्या गेजवर भरोसा ठेवू नका, दुसरा गेज लावून बघा.

त्यानंतर उघडा आणि मोजायला द्या. या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मुळात ८०.२६ मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टन २०, ४०, ६० थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात, त्याच्याही पलीकडं गेला असेल तर स्लीव्ह टाकायची आणि परत स्टँडर्डवर यायचं. क्रँक ग्राइंड करून १०, २० थाऊ अंडरसाइज बेअरिंग घालता येतात. ब्लॉक गरम पाण्यानं धुऊन डाय (तडा दाखवणारा रंग) मारून तडा बघून घ्या, विशेषतः मेन बेअरिंगच्या पडद्यांना. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा त्या पडद्याला तडा असेल तरच मी म्हणेन की दुसरा ब्लॉक शोधा.

आणि हे सगळं काम करायला कोल्हापूरसारखी जागा नाही, हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही (म्हणजे थोडं आहेच). शिरोलीत मेनन पिस्टन्स आहे, गोकुळ शिरगावात बेअरिंग बनतात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, शिरोलीच्या फाउंड्र्यांतनं इंजिनची कास्टिंगं देशभर जातात. उद्यमनगरातल्या एका गल्लीत बोअरिंगवाला, पुढच्या गल्लीत क्रँक ग्राइंडर, त्याच्या समोर टर्नर. पुण्या-मुंबईचे लोक ब्लॉक टेम्पोत घालून हिकडं पाठवतात आणि आपण हिकडं बसून काँटेसाचं इंजिन आणतो.

२. कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक शेवटी बघतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कडक करून सांगितलं. इंजिन बदललं की नंबर बदलतो, सीसी बदलते, मेक बदलतो. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या. एजंटाच्या "होतंय की ओ, बघून घेतो मी" वर गाडी खोलू नका. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन असेल तर बोलणं लई सोपं जातं, परकं इंजिन असेल तर नकार येऊ शकतो हे धरूनच चाला.

दुसरं, २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चेसिस-बॉडी-इंजिनमध्ये मोठी उलथापालथ न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरप्लेटवर व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मामांची गाडी यात बसते. इसुझू घातलं असतं तर यातनं बाहेर पडली असती, आणि हे आम्हाला कळलं कधी, तर इंजिन अंगणात आल्यावर. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा आख्खं कोल्हापूर मान वर करून बघतं ते ती जशी होती तशी आहे म्हणूनच की.

आणि विम्याला विसरू नका, आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर क्लेम अडकतो.

३. आता मोजा

समजा जुनं खरंच गेलं आणि कागदाचा रस्ताही आहे. तरी इंजिनची नावं आत्ता घेऊ नका. आधी आपल्या गाडीत जागा किती आहे ते वहीत लिहा. ही एक वही आम्ही केली असती तर पुढचं सगळं वाचलं असतं.

मोजायचं काय? फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रेडिएटरपर्यंतची लांबी. दोन्ही चेसिस रेल किंवा आतल्या मडगार्डांमधली रुंदी. क्रँकच्या मध्यापासून बॉनेटपर्यंतची उंची. क्रॉसमेंबर (इंजिनखालनं आडवा जाणारा चेसिसचा तुळवट) कुठं येतो, पुढं का मागं, आणि त्याच्यावर किती जागा राहते. स्टिअरिंगचा दांडा कुठल्या बाजूनं खाली उतरतो. जुन्या माउंटिंगची (आपले मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात ते) जागा. दोन सीटांमधल्या बोगद्यात गिअर लिव्हरचं भोक फायरवॉलपासून किती लांब आहे.

यातले दोन मुद्दे लोकांना नेमके नडतात. एक ऑइल चेंबर. काही इंजिनांच्या चेंबरचा खोल भाग पुढं असतो, काहींचा मागं, आणि तुमचा क्रॉसमेंबर पुढं असला आणि चेंबरपण पुढंच खोल असला तर इंजिन बसतच नाही, किंवा बसलं तर दोन इंच वर बसतं आणि मग बॉनेट लागत नाही. आमचं नेमकं हेच झालं. चेन पुलीवर इंजिन लटकतंय, मामा खालनं टॉर्च मारतायत, आणि चेंबर क्रॉसमेंबरवर दोन बोटं अगोदरच टेकलाय. गाडीचं काम करणारे आमचे मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसती बिडी पेटवली. मग म्हणाले, "हे आणायच्या अगोदर कुणी मोजलं हुतं का न्हाई?" मामा माझ्याकडं बघायला लागले, मी मामांकडं.

चेंबर कापून दुसरीकडं खोल करता येतो, पण त्याबरोबर ऑइल पंपाची सक्शन नळी आणि जाळीपण हलवायला लागते, आणि तिथं मिलिमीटर चुकला तर वळणावर पंप हवा ओढतो. हे काम करणारे आहेत. मी पैज लावणार नाही.

दुसरा मुद्दा स्टिअरिंगचा. आपल्या गाड्या उजव्या हाताच्या. एमजीबीच्या मूळ इंजिनला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला आहेत, म्हणून उजवीकडनं स्टिअरिंगचा दांडा सुखात जातो. नव्या बऱ्याच इंजिनांना एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर, म्हणजे काहीतरी एक स्टिअरिंगच्या अंगावर येणारच. एक्झॉस्ट आला तर नवीन मॅनिफोल्ड बनवा, उष्णतेचा पत्रा लावा, ब्रेकच्या नळ्या हलवा.

मोजमाप पक्कं करायला मोकळा ब्लॉक आणि मोकळं हेड भाड्यानं का होईना आणून बसवून बघा, आत क्रँक-पिस्टन नसलं की दोघांना उचलता येतं. बॉनेटची उंची बघायची आमची युक्ती सांगतो. बापट कॅम्पात कुंभाराकडनं मूठभर शाडू आणा, एअर फिल्टर, हेड कव्हर जे काय सगळ्यात वर येतंय त्याच्यावर गोळे ठेवा, बॉनेट हळू लावा, उघडा, आणि चपटा झालेला गोळा मोजा. २० मिलिमीटरच्या खाली राहिला तर नको, इंजिन फाउंडेशनवर हलतं हे विसरू नका.

४. वजन, आणि एमजीनं स्वतः खाल्लेली माती

सगळ्यांचा पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा असतो. पहिला प्रश्न वजनाचा पाहिजे. याचं उदाहरण बाहेर शोधायला नको, एमजी कंपनीनंच दोनदा ही गाडी घेऊन मोठं इंजिन टाकून बघितलंय.

पहिल्यांदा १९६७ मध्ये. एमजीबीत २९१२ सीसीचं बिडाचं सहा सिलिंडर इंजिन घातलं आणि गाडीला एमजीसी नाव दिलं. ताकद १४५ हॉर्सपॉवर, कागदावर नाद खुळा. पण इंजिन चार सिलिंडरवाल्यापेक्षा नव्वद-एक किलोनं जड आणि लांब, क्रॉसमेंबर आड आला म्हणून पुढचं सस्पेन्शनच बदलायला लागलं, बॉनेटला टेंगूळ काढायला लागलं, आणि नाक जड झाल्यामुळं वळणावर गाडी सरळच जायला बघते असं सगळे म्हणायला लागले. १९६९ मध्ये बंद.

दुसऱ्यांदा १९७३ मध्ये रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही८ घातलं. आठ सिलिंडर, पण आख्खं अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळं वजन मूळ इंजिनच्या आसपासच राहिलं. रेडिएटर पुढं सरकवला, कार्ब्युरेटर मागच्या बाजूला नेले म्हणजे बॉनेट तसंच लागेल. १३७ हॉर्सपॉवर, म्हणजे सहा सिलिंडरवालीपेक्षा कमीच, पण गाडी झकास. १९७६ पर्यंत २,५९१ केल्या. सीसी वाढवलं तरी गाडी बिघडली नाही, किलो वाढवले तेव्हा बिघडली.

आपल्या कामाचं एवढंच की मूळ इंजिन गिअरबॉक्स सोडून दीडशे किलोच्या वर आहे, त्याच्यापेक्षा जड काही पुढं ठेवायचं नाही, आणि शक्यतो इंजिन मागं, फायरवॉलकडं ढकलायचं. कुणी डिझेल सुचवलं तर चहा पाजा आणि विषय बदला.

५. गिअरबॉक्स आणि मागचा डिफ्रन्शियल

गिअरबॉक्ससकट इंजिन मिळत असेल तर ते घ्या. इंजिन नवीन आणि गिअरबॉक्स जुना असं लग्न लावायचं म्हणजे मधी अ‍ॅडॉप्टर प्लेट, वेगळं फ्लायव्हील, वेगळी क्लच प्लेट, क्रँकच्या टोकाला नवीन पायलट बुश. प्लेट उद्यमनगरात व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) छान निघते, पण डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या खुंट्या) मारल्याशिवाय घेऊ नका, नुसत्या बोल्टवर प्लेट जागेवर राहत नाही. बसवल्यावर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगचं भोक फिरवून बघा, ०.१३ मिलिमीटरच्या आत यायला पाहिजे. नाही आलं तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग सहा महिन्यांत ओरडायला लागतं आणि तुम्ही गिअरबॉक्सवाल्याला शिव्या घालत बसता.

मग रेशो. एमजीबीचा मागचा रेशो ३.९०९ आणि टायरचा एक फेरा साधारण १.९ मीटर. चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे ताशी १०० ला इंजिन ३,४०० च्या थोडं वर फिरतं. नवीन गिअरबॉक्सला पाचवा गिअर ०.८० चा असला तर तेच २,७५० च्या आसपास येतं. पुणे-बेंगळुरू हायवेला कान शांत राहतात. पण छोट्या इंजिनला २,७५० वर दम नसतो, मग कराडच्या पुढं जरा चढ आला की चौथा टाका, परत पाचवा टाका, हाताला सुट्टी नाही. म्हणून हे गणित कागदावर आधी करा: ताशी वेग मिनिटाला मीटरमध्ये बदलायचा, टायरच्या फेऱ्यानं भागायचा, मागच्या रेशोनं आणि त्या गिअरच्या रेशोनं गुणायचं. सातवीच्या पोराचं गणित आहे.

प्रोपेलर शाफ्ट कापून परत वेल्ड केला तर बॅलन्स करून घ्याच. आणि इंजिनचा कल व मागच्या पिनियनचा कल एकमेकांना समांतर ठेवा, क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) एक ते तीन अंशांचं काम राहू द्या, नाहीतर साठच्या पुढं सीट थरथरते.

६. आता नावं

आधी एक चाळणी. आडवं बसणारं, पुढची चाकं ओढणारं इंजिन बघूच नका. होंडा सिटीचं व्हीटेक कितीही गोड असलं तरी त्याला मागच्या चाकाचा गिअरबॉक्स कुठनं आणणार? उभं बसणारं, स्वतःचा गिअरबॉक्स घेऊन येणारं पाहिजे. आपल्याकडं अशी यादी छोटी आहे.

अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसी. हे परकं नाहीच, हे एमजीबीच्या इंजिनचं सख्खं भावंड आहे, दोघं बीएमसीच्या बी-सिरीजचे. स्ट्रोक दोघांचा ८८.९ मिलिमीटर, बोअर मात्र ७३ विरुद्ध ८०. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीत सुरुवातीला हेच १४८९ होतं, डबल एसयू कार्ब्युरेटर आणि वेगळ्या हेडवर ते ७० च्या आसपास हॉर्सपॉवर द्यायचं. अ‍ॅम्बॅसेडरमध्ये पन्नासच्या आसपास. एमजीबी सुरुवातीला ९५ ची. म्हणजे चालेल, पन्हाळासुद्धा चढेल, पण बैलगाडीच्या मागं लागलात तर ओव्हरटेकला विचार करायला लागेल. फिटिंगचं म्हणाल तर नातेवाईक आहे म्हणून डोळे झाकून बसत नाही: १९६४ पर्यंतच्या एमजीबीला क्रँकला तीन मेन बेअरिंग होते, नंतर पाच झाले, अ‍ॅम्बॅसेडर तीनवालंच आहे. मागची प्लेट, फ्लायव्हील जुळतंय का बघून घ्या. एमजीएवाल्यांना मात्र मी डोळे झाकून हेच सांगेन.

काँटेसाचं इसुझू १८१७ सीसी. ८८ हॉर्सपॉवर, ओव्हरहेड कॅम, पाच गिअर. कागदावर एमजीबीला याच्यासारखं दुसरं नाही. म्हणूनच आम्ही फसलो.

जिप्सीचं १२९८ सीसी, एमपीएफआयवालं (कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन). ८० हॉर्सपॉवर, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, हलकं, पार्ट कुठंही. नाक हलकं होतं म्हणून वळणावर गाडी उलट सुधारते. टॉर्क १०३ न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही वर ४,५०० ला, त्यामुळं खालनं ओढत नाही, फिरवून चालवायला लागतं. स्पिटफायर, मिजेटसारख्या हलक्या गाडीला मी हेच पहिलं बघीन. क्लच केबलवर आहे आणि एमजीबीचा हायड्रॉलिक, तेवढी एक जुळवाजुळव.

ईकोचं इंजिनपण मागची चाकं फिरवतं, पण ते सीटखाली बसायला केलेलं आहे, चेंबर-मॅनिफोल्डची ठेवण तशीच, पुढच्या बॉनेटखाली आणायला बरीच तोडफोड. प्रीमियर ११८ एनईचं निसानचं ११७१ सीसी छोटं, साधं आणि लोक विसरलेलं इंजिन आहे, हेराल्डच्या मापाच्या गाडीला शोभतं, चांगलं सापडणं हाच प्रश्न. बॅटरीवर करायचं म्हणत असाल तर तो वेगळा लेख आणि वेगळा माणूस.

७. घ्यायला जाताना

इसुझू जिथनं घेतलं त्या माणसानं आमच्यासमोर सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात सुरू झालं, आयडलला नाणं उभं राहील असं. आम्ही खूश. मिस्त्रींनी नंतर एकच विचारलं, "मॅनिफोल्डला हात लावून बघितलासा का, सुरू करायच्या अगोदर?" नव्हता लावला. आम्ही पोचायच्या आधी अर्धा तास त्यानं ते तापवून ठेवलं होतं, थर्मोस्टॅट काढून टाकलेला, आणि हेड उतरवल्यावर कळलं की वाकलंय. गार इंजिन घ्यायचं. आधी हात लावायचा, मग सुरू करायला सांगायचं, मग सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहायचं. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर पाणी, निळा असेल तर ऑइल. ऑइलचं झाकण उघडून बघा, आत साय साचल्यासारखं पिवळसर असेल तर निघा तिथनं. ब्रीदरमधनं (इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी) फुसफुस येतेय का बघा.

कागद: ज्या गाडीतनं इंजिन काढलं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीचं बिल, दोन्हीवर इंजिन नंबर. नंबर घासलेला किंवा परत ठोकलेला दिसला तर फुकटात दिलं तरी नको.

एमपीएफआय असेल तर इंजिनबरोबर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), आख्खं वायरिंग, सगळे सेन्सर, फ्युएल पंप आणि इमोबिलायझर असेल तर त्याची चावी, सगळं एकाच गाडीचं, एकाच दिवशी घ्या. वायर कापून दिली तर प्रत्येक वायरमागं एक रविवार जातो.

८. आजूबाजूचं, ज्याला खरे पैसे लागतात

इंजिन-गिअरबॉक्सला जेवढे मोजाल त्याच्या दुप्पट बाहेर जातात असं धरा, आमच्या अर्धवट प्रयोगातच तेवढे गेले.

१९६७ च्या शेवटी मार्क टू (गाडीची सुधारलेली दुसरी आवृत्ती) येईपर्यंत एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला होता. म्हणजे अर्थिंग उलटं. त्यात ईसीयू किंवा अल्टरनेटर तसाच जोडला की धूर आणि वास. आधी अर्थिंग मायनसला करून घ्या, आरपीएम मीटरपण त्याप्रमाणं बदलायला लागतो. इंजेक्शनला पेट्रोल तीनेक बारच्या दाबानं लागतं, जुन्या कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय पुरतं, म्हणजे पंप, नळ्या, टाकीला परतीची लाइन सगळं नवीन. मूळ इंजिन ठेवलंत तरी नळ्या बदलाच, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल) आहे आणि जुनं रबर त्यात फुगून लिबलिबीत होतं. शिवाय शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळं जुन्या बिडाच्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट टाकून घ्या, हेड उतरलेलंच असतं तेव्हा.

रेडिएटरची परीक्षा हायवेला होत नाही. मे महिन्यात दुपारी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला होते. फॅन आणि रेडिएटरमध्ये २०-२५ मिलिमीटर सोडा आणि फॅनला आवरण करा. ब्रेक: ताकद वाढवली तर आधी ब्रेक, गगनबावड्याचा घाट उतरताना इंजिन कुणाचं आहे हे ब्रेक विचारत नाही.

आमचं काय झालं

मिस्त्रींनी शेवटी जुनं इंजिन उघडलं, जे आम्ही मेलं म्हणून कोपऱ्यात टाकलं होतं. चेंबर उतरवला, पंपाची जाळी काढली आणि हातावर उलटी केली, तर त्यातनं लाल सिलिकॉनच्या बारीक शेवया पडल्या. कुणीतरी कधीतरी चेंबरला गॅस्केट पेस्ट भरमसाट लावलेली, आत आलेला जादाचा भाग सुटून जाळीवर जाऊन बसलेला, पंपाला तेलच मिळेना आणि तिसऱ्या नंबरचं बिग एंड बेअरिंग तांब्याच्या रंगावर आलेलं. बास. ब्लॉक धडधाकट. क्रँक १० थाऊ ग्राइंड, एका सिलिंडरला स्लीव्ह, बाकीचे बोअर करून २० थाऊचे पिस्टन, हेडला सीट, नवा ऑइल पंप. सगळं मिळून इसुझूच्या खटाटोपापेक्षा कमी पैशात. टॅपेट गार असताना १५ थाऊ, पहिले ५०० किलोमीटर तीन हजारांच्या वर नाही, मग ऑइल बदललं, हेडचे नट परत टॉर्कला घेतले आणि टॅपेट पुन्हा बघितले. आता गाडी रविवारी पन्हाळ्याला जाऊन येते, वाघबिळाच्या चढाला तिसऱ्यात.

इसुझू घ्यायला जयसिंगपूरवरनं एक काँटेसावाला आला. त्याला हेड वाकल्याचं आधीच सांगितलं, तो म्हणाला हेड माझ्याकडं आहे. बारदान बाजूला केलं तर गड्यानं पहिली खिशातनं टेप काढली, चेंबर मोजला, नंबर कागदाशी ताडून बघितला आणि मग मॅनिफोल्डवर हात ठेवला. गार होतं. हाताला मांजराचे केस लागले तेवढे पँटला पुसले आणि म्हणाला, "बोला, किती द्यायचे?"